ट्रॅव्हलरमधली चिलखतं आणि लॉ लेव्हल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅव्हलर हा टेबलावर बसून फाशांनी खेळायचा, अंतराळात घडणारा रोल-प्लेइंग खेळ: खेळाडू एकेक पात्र चालवतात, रेफरी जग आणि शत्रू चालवतो. तो नव्याने खेळवायला घेतलेल्या रेफरींची चिलखताबद्दल एकच तक्रार असते: खेळाडूंना काही होतच नाही, गोळ्या झाडून काय उपयोग? मग बरेच जण चिलखतांचे आकडे खाली आणतात, किंवा शत्रूंच्या हातात आणखी मोठ्या बंदुका देतात. माझं ठाम मत आहे की दोन्ही करण्याआधी लॉ लेव्हल, म्हणजे एखाद्या जगावर कायदा किती कडक आहे ते सांगणारा आकडा, मनापासून वापरून पाहावी. या खेळात चिलखताचा तोल दुकानातल्या किमतीने साधत नाही. ते अंगावर घालून कुठे फिरता येतं आणि कुठे येत नाही, यावर तो साधतो. खालची सगळी उत्तरं याच भूमिकेतून दिली आहेत.

हे कोणत्या आवृत्तीला लागू आहे?

ट्रॅव्हलर १९७७ मध्ये गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढला. मार्क मिलर त्याचे कर्ते. इथले आकडे मॉन्गूस पब्लिशिंगच्या दुसऱ्या आवृत्तीतले आहेत. ती २०१६ मध्ये आली आणि २०२२ मध्ये सुधारून पुन्हा निघाली. जुनी आवृत्ती खेळणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. १९७७ च्या नियमांत चिलखतामुळे नेम लागणंच अवघड व्हायचं. दोन फाशांवर ८ किंवा जास्त हवेत, आणि कोणत्या शस्त्रासमोर कोणतं चिलखत आहे त्यावर कोष्टकातून कमीजास्त व्हायचं. मॉन्गूसमध्ये नेम लागतो तसा लागतो, चिलखत घावातून वजा होतं. त्यामुळे एका आवृत्तीतला हाऊस रूल (टेबलावर स्वतः ठरवलेला नियम) दुसरीत जसाच्या तसा नेऊ नका.

चिलखत नेमकं किती वाचवतं?

हिशेब मांडून पाहू, कारण बहुतेक वाद हिशेब न मांडल्यामुळे होतात.

साध्या रायफलचा घाव तीन फाशांचा, म्हणजे सरासरी साडेदहा. नेम जितका चांगला लागला तितका इफेक्ट त्यात मिळतो, तो सध्या बाजूला ठेवू. घाव आधी पात्राच्या एन्ड्युरन्समधून (दम) जातो, तो संपला की स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीतून (चपळाई). तीनही गुण सरासरी ७ धरले, तर साधारण १४ घाव झाले की माणूस बेशुद्ध आणि २१ झाले की मेला. उघड्या अंगावर रायफलची पहिली गोळी लागली की तो जायबंदी होतो, दुसरी लागली की बहुधा संपतो.

आता त्याच माणसाला टेक लेव्हल (तंत्रज्ञानाची पातळी) ७ चं क्लॉथ, म्हणजे गोळीरोधक कापडाचं चिलखत, घाला. संरक्षण ५. सरासरी साडेपाच घाव आत जातो. टेक लेव्हल १० चं क्लॉथ घातलं तर संरक्षण ८, आणि आत जाणारा घाव सरासरी तीनच्याही खाली येतो. दर चारांतली एक गोळी तर काहीच करत नाही. पुढे टेक लेव्हल १० चं कॉम्बॅट आर्मर, म्हणजे सैनिकांचं अंगभर टणक चिलखत, संरक्षण १३. लागलेल्या शंभर गोळ्यांपैकी जेमतेम सोळा आत काही पोचवतात. बॅटल ड्रेस, म्हणजे त्याहून वरचं, यंत्राच्या जोरावर चालणारं चिलखत, त्याचं संरक्षण २२. तीन फाशांवर जास्तीत जास्त १८ पडतात, त्यामुळे इफेक्टची मोठी जोड मिळाल्याशिवाय रायफलवाल्याने कितीही गोळ्या झाडल्या तरी आतल्या माणसाला ओरखडा येत नाही.

पायरी दर वेळी सारखी वाढत नाही हे इथे दिसतं. उघड्या अंगापासून क्लॉथपर्यंतची पायरी लढाई लांबवते. क्लॉथपासून कॉम्बॅट आर्मरपर्यंतची पायरी लढाई एकतर्फी करते. रेफरीने या दोन पायऱ्यांना वेगवेगळी वागणूक द्यायला हवी.

टेक लेव्हल १० चं क्लॉथ ५०० क्रेडिट्सला मिळतं. सगळेच तेच घेतात. हे बिघडलेलं नाही का?

नाही. क्लॉथ स्वस्त आहे ते बरंच आहे. ट्रॅव्हलरमध्ये पात्र अनुभवाने कणखर होत नाही. चार टर्म्स (एक टर्म चार वर्षांची) नौदलात काढलेला, दोनदा बढती मिळालेला, पेन्शनला एक टर्म कमी पडलेला माणूस पहिल्याच चकमकीत दोन गोळ्यांत गेला तर खेळाडूने पात्र घडवताना रंगवलेलं सगळं आयुष्य वाया जातं. क्लॉथमुळे त्याला पळायला, आडोसा शोधायला, शरण जायला वेळ मिळतो. चांगल्या चकमकीत नेमक्या याच गोष्टी व्हायला हव्यात.

खेळाडू ते कधीच काढत नाहीत, तेव्हा बिघडतं. बँकेत क्लॉथ, राजदूताच्या मेजवानीला क्लॉथ, झोपताना क्लॉथ. पात्राच्या कागदावर एकदा लिहिलं की ते त्याच्या कातडीचाच भाग होतं. यावर उपाय ८ चे ६ करणं नाही. दारात उभा असलेला माणूस "हे काय घातलंय?" म्हणून विचारतो की नाही, हे बघा.

आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. टेक लेव्हल १० चं क्लॉथ टेक लेव्हल ७ च्या जगावर बनत नाही. तिथल्या बाजारात ते सहज मिळू नये, मिळालं तर बाहेरून आणलेलं आणि महाग असावं. गोळ्यांनी फाटलं तर तिथे त्याची दुरुस्तीही होऊ नये. एवढं पाळलं तरी अर्धी तक्रार मिटते.

कॉम्बॅट आर्मर आणि बॅटल ड्रेसमुळे खेळ मोडतो का?

त्यांच्याशी रेफरी स्पर्धा करू लागला तर मोडतो. नेहमी असं होतं: एका खेळाडूकडे बॅटल ड्रेस आला, रायफली निकामी झाल्या, म्हणून रेफरी शत्रूंना प्लाझ्मा बंदूक देतो. टेक लेव्हल १२ च्या त्या बंदुकीचा घाव एका फाशाच्या दसपट, म्हणजे १० ते ६०. बॅटल ड्रेसवाल्यासाठी सामना रंगतदार होतो खरा. पण शेजारी क्लॉथमध्ये जहाजाची डॉक्टर उभी आहे. तिला एकदा लागलं आणि फाशावर ३ पडले, तर आत २२ जातात. सरासरी गुणांचं पात्र तिथेच संपतं. तीन किंवा जास्त पडण्याची शक्यता तीनात दोन. एका खेळाडूच्या चिलखताला उत्तर देताना बाकी सगळ्यांना मारून टाकणारा हा मार्ग आहे, आणि तो धरलेली कॅम्पेन्स फार टिकत नाहीत.

मधलं शस्त्र हवं असेल तर गॉस रायफल आहे. चार फासे, आणि चिलखतातले ५ धरायचेच नाहीत. टेक लेव्हल १२ च्या कॉम्बॅट आर्मरचे १७ तिच्यापुढे १२ उरतात, सरासरी घाव १४. आत थोडंच जातं, पण जातं. तरीही पहिला प्रश्न हा की त्या पात्राला ते चिलखत त्या शहरात घालू कोणी दिलं? लॉ लेव्हल १ पासूनच बॅटल ड्रेस बेकायदा आहे, २ पासून कॉम्बॅट आर्मर. वस्तीच्या बहुतेक जगांवर तो माणूस स्टारपोर्टच्या (अवकाशबंदराच्या) फाटकाबाहेर एक पाऊलही टाकू शकत नाही. शिवाय दोन्ही चिलखतांना व्हॅक सूटचं (निर्वातात घालायच्या हवाबंद पोशाखाचं) कौशल्य लागतं. ते नसेल तर अंगावर लाखो क्रेडिट्स घालूनही पात्र चाचपडतं. हा नियम सोडून देऊ नका.

लॉ लेव्हलचा आकडा येतो कुठून?

प्रत्येक जगाला आकड्या-अक्षरांची एक ओळ असते. रेजिना घ्या, खेळाच्या विश्वातल्या स्पिनवर्ड मार्चेस या भागातलं बहुतेकांना माहीत असलेलं जग: ए७८८८९९-सी. पहिलं अक्षर स्टारपोर्टचा दर्जा. मग आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, सरकार, लॉ लेव्हल, आणि रेघेनंतर टेक लेव्हल (९ नंतर अक्षरं येतात: ए म्हणजे १०, सी म्हणजे १२). म्हणजे रेजिनाची लॉ लेव्हल ९. त्याच सबसेक्टरमधल्या एफेटची ओळ ए६४६९३०-डी. लॉ लेव्हल शून्य. दोन्हीकडे उत्तम स्टारपोर्ट, दोन्हीकडे प्रचंड वस्ती, तंत्रज्ञानात एका पायरीचा फरक. पण एका ठिकाणी कॉम्बॅट आर्मर घालून भाजी आणायला गेलात तरी कायदा हरकत घेणार नाही, आणि दुसरीकडे जाडसर जॅकेटवरूनही चौकशी होईल.

लॉ लेव्हल ठरवायला दोन फासे टाकून ७ वजा करायचे आणि सरकारचा आकडा मिळवायचा. दोन फाशांची सरासरी ७ च असते, म्हणून लॉ लेव्हल सरकारच्या आकड्याभोवती घुटमळते. रेफरीने हे डोक्यात ठेवावं, कारण त्यामुळे आकड्याला चेहरा मिळतो. रेजिनाचं सरकार ९, म्हणजे निर्विकार नोकरशाही. तिथे कायदा काठी उगारून येत नाही, फॉर्म घेऊन येतो. तुमचं चिलखत जप्त होणार नाही, नोंदवहीत चढेल, पावती मिळेल, आणि परत घ्यायला तीन खिडक्या फिराव्या लागतील. एखाद्या धर्मसत्तेतल्या लॉ लेव्हल ९ चा अनुभव याहून पूर्ण वेगळा असायला हवा. आकडा एकच, पण खेळाडूंनी लक्षात ठेवावेत असे प्रसंग निराळे.

कोणत्या लॉ लेव्हलला नेमकं काय बंद होतं?

बंदी चढत जाते, वरच्या पातळीला खालचं सगळं बंदच असतं. शून्याला काहीच बंदी नाही. १ ला विषारी वायू, स्फोटकं, तपासणीत न सापडणारी शस्त्रं आणि बॅटल ड्रेस जातो. २ ला हातातली लेझर आणि ऊर्जाशस्त्रं, सोबत कॉम्बॅट आर्मर. ३ ला लष्करी शस्त्रं आणि फ्लॅक जॅकेट. ४ ला सबमशीनगनसारखी हलकी हल्ल्याची शस्त्रं आणि क्लॉथ. ५ ला लपवता येणारी पिस्तुलं आणि मेश (धातूची जाळी घातलेलं हलकं चिलखत). ६ ला शॉटगन आणि स्टनर (न मारता बेशुद्ध करणारं शस्त्र) सोडून सगळ्या बंदुका. ७ ला शॉटगन. ८ ला पाती असलेली शस्त्रं, स्टनर आणि दिसणारं कुठलंही चिलखत. ९ आणि पुढे सगळी शस्त्रं, सगळी चिलखतं.

१९७७ च्या यादीत शस्त्रंच होती, आणि तिथल्या ९ ला राहत्या घराबाहेर शस्त्र बाळगण्यावर बंदी होती. घरातल्या शस्त्राला ती सवलत मला आवडते, मी ती अजून ठेवतो. त्यामुळे "घर कोणाचं, आत काय आहे" हा प्रश्न उरतो आणि घरफोडीच्या कथानकाला धार येते.

यादीत एक जागा रेफरीने मुद्दाम वापरावी अशी आहे. लॉ लेव्हल ४ ला क्लॉथ बंद, मेश चालतं. मेशचं संरक्षण २. म्हणजे ८ वरून २ वर उतरायचं की पकडले जाण्याचा धोका पत्करायचा, हा निर्णय खेळाडूला घ्यावा लागतो. तसंच ६ आणि ७ ला स्टनर चालतो, आणि त्याचा दोन फाशांचा घाव चिलखत वजा करूनच लागतो. अंगावर चोरून ८ चं क्लॉथ असेल तर स्टनर छत्तीसांतून दहा वेळाच लागू पडतो. कायदा पाळणाऱ्या पोलिसापुढे कायदा मोडणाऱ्याचा केवढा फायदा होतो बघा. कडक जगांतले पोलीस चिलखताच्या बाबतीत इतके चिडके का असतात, याचं उत्तर नियमांतच आहे.

कायदा नेमका कुठून सुरू होतो? जहाजात चिलखत ठेवलं तर चालतं का?

थर्ड इम्पिरियम हे खेळाचं नेहमीचं विश्व, त्याच्या पार्श्वभूमीत साम्राज्य ताऱ्यांमधल्या अवकाशावर राज्य करतं, जगांच्या अंतर्गत कारभारात सहसा पडत नाही. स्टारपोर्टच्या आत साम्राज्याचा कायदा, कुंपणाबाहेर स्थानिक कायदा. ही सीमारेषा म्हणजे एक्स्ट्रॅलिटीची रेषा. जहाजातल्या कपाटात बंद असलेल्या बॅटल ड्रेसशी स्थानिक पोलिसांना काही देणंघेणं नाही, जोवर तो फाटकाबाहेर येत नाही.

ही रेषा रेफरीच्या हातातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. फाटकावरचा प्रसंग दर वेळी खेळवत बसू नका, पण पहिल्या भेटीत नक्की खेळवा. आमच्या टेबलावर एक माजी मरीन लॉ लेव्हल ४ च्या जगावर उतरला, आत टेक लेव्हल १० चं क्लॉथ, वर जाड जॅकेट. जगाची टेक लेव्हल ६, त्यामुळे फाटकावर स्कॅनर नव्हता. एक पोक्त हवालदार होता, तो हाताने चाचपत होता. खांद्याच्या शिवणीपाशी त्याचा हात थांबला. "साहेब, उकाड्यात एवढं जाड?" खेळाडूने पात्राच्या तोंडून गुडघ्याचं जुनं दुखणं सांगितलं. हवालदाराने विचारलं, गुडघा खांद्यात असतो का? सगळे गप्प. मग डॉक्टरचं पात्र पुढे आलं आणि अस्थिरोगावरचं एक लांबलचक भाषण झोडलं, फाशांनीही साथ दिली, आणि दोघं सुटले. त्या सेशनमध्ये एकही गोळी सुटली नाही, आणि चिलखताचा खरा उपयोग-दुरुपयोग सगळ्यांना कळला.

कपड्यांखाली लपवलं तर नियम काय?

क्लॉथ आणि मेश दडवता येतं, फ्लॅक आणि कॉम्बॅट आर्मर नाही. बघणाऱ्याने रेकॉन (टेहळणीचं कौशल्य) टाकावा, लपवणाऱ्याने डिसेप्शन (फसवणुकीचं). स्कॅनर असेल तर त्याची टेक लेव्हल आणि चिलखताची टेक लेव्हल यांतला फरक मी सरळ मॉडिफायर (फाशातली वाढ-घट) म्हणून धरतो. मागास जगावर पुढारलेलं चिलखत लपून जातं, पुढारलेल्या जगावर काहीच लपत नाही. लॉ लेव्हल ८ ला यादी मुद्दाम "दिसणारं" चिलखत म्हणते, तरी खालच्या पातळ्यांना बंद झालेलं क्लॉथ त्यामुळे पुन्हा कायदेशीर होत नाही. यावर टेबलावर वाद होतो, म्हणून आधीच सांगून टाका.

पकडलं गेलं तर पुढे काय करायचं?

जुन्या आवृत्तीतला फासा मला अजूनही सगळ्यात स्वच्छ वाटतो: दोन फाशांवर लॉ लेव्हलइतके किंवा जास्त पडले तर कायद्याचा त्रास टळला. लॉ लेव्हल ३ ला क्वचितच कोणी अडकतं. ९ ला टळण्याची शक्यता छत्तीसांत दहा, म्हणजे चारांत एकाहून थोडी जास्त. मॉन्गूसने त्यात प्रसंगानुसार कमीजास्त करायची सोय ठेवली आहे. गोळीबार झाला, चिलखत घालून लढाई झाली, की शक्यता आणखी खाली जाते आणि साध्या शिपायाऐवजी सशस्त्र तुकडी येते.

अडकल्यावर खेळाडूंच्या हातात काहीतरी करण्यासारखं ठेवा. ॲडमिनवाला कागदपत्रं दाखवील, ॲडव्होकेटवाला नियमातली पळवाट काढील, स्ट्रीटवाइजवाल्याला इथे किती आणि कोणाला द्यायचे ते कळेल, पर्स्वेडवाला गोड बोलेल. अपयश आलं तर दंड, वस्तू स्टारपोर्टवर परत पाठवणं, ग्रह सोडेपर्यंत जप्ती, मग कोठडी, या क्रमाने चढा. पहिल्याच गुन्ह्याला कॉम्बॅट आर्मर कायमचं काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. खेळाडूने ते कमावलेलं असतं. कायद्याने त्याला ते कुठे वापरायचं याचा विचार करायला लावावा, ते त्याच्याकडून हिरावून घेऊ नये.

व्हॅक सूट चिलखतात मोडतो का?

हा प्रश्न हुशार खेळाडू विचारतातच. टेक लेव्हल ८ च्या सूटचं संरक्षण ४, १० च्या सूटचं ८, १२ च्या सूटचं १०. म्हणजे चांगला सूट क्लॉथच्या तोडीचा किंवा वरचढ, आणि बंदीच्या यादीत त्याचं नावही नाही.

माझा निर्णय असा: व्हॅक सूट हे कामाचं साधन आहे. गोदीत, जहाजावर, निर्वात जगावर तो सगळ्यांच्या अंगावर असतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. वातावरण नसलेल्या जगावर व्हॅक सूटवर बंदी घालणं म्हणजे श्वास घेण्यावर बंदी. पण श्वास घेता येणाऱ्या जगावर, भर बाजारात सूट घालून फिरणारा माणूस प्रत्येकाच्या नजरेत भरतो. तिथे मी त्याला "दिसणारं चिलखत" धरतो, आणि लॉ लेव्हल ८ च्या खाली असेल तरी कायद्याच्या फाशाला एक-दोनचा फटका देतो. वातावरणाच्या आकड्याचा असा उपयोग झाला की जगाची ती ओळ कागदावर नुसती पडून राहत नाही. लघुग्रहांवर खाण खणणारे बेल्टर्स बंदी असलेल्या स्टेशनवरही सूटमध्येच मारामारी करतात, आणि तिथले पोलीसही सूटमध्येच येतात. अशी चकमक एकदा खेळवून बघा, खूप वेगळी होते.

लेझरविरोधी चिलखतांचं काय?

रिफ्लेक लेझरला १० संरक्षण देतं, बाकी कशालाही शून्य. ॲब्लॅट स्वस्त आहे, लेझरला ६, पण दर लेझर घावाला झिजतं. यादीत दोघांचीही नावं नाहीत. आणि लॉ लेव्हल २ पासून लेझरच बंद असल्याने शहरात त्यांचा उपयोग फारसा उरत नाही. शून्य-एकच्या जगांवर आणि जहाजावरच्या चाच्यांशी लढताना घ्या. माझ्या टेबलावर रिफ्लेक दिसलं की पोलीस एकच विचारतात: तुला लेझरची भीती कोणाकडून आहे?

परवाने द्यावेत का?

जरूर द्यावेत, आणि आपल्या खेळाडूंना ते समजावून सांगावं लागत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदुकीला परवाना लागतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, हेही गावोगाव पाहिलेलं असतं. सणावाराच्या किंवा तणावाच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, आणि पंधरा दिवस तलवारी, भाले, लाठ्या घेऊन फिरायला बंदी येते. ती बातमी आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो.

हे सरळ खेळात आणा. लॉ लेव्हल ३ चं जग, राजधानीत निवडणूक, चार आठवडे शहरापुरती लॉ लेव्हल ६. पात्रं एक आठवडा जंपमध्ये, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या प्रवासात, होती, बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही, कारण ट्रॅव्हलरच्या विश्वात बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही. कालपर्यंत चालणारी पिस्तुलं आज फाटकावर जमा करायची. पावती हातात, आणि ज्याला भेटायला आले तो माणूस शहराच्या त्या टोकाला. एवढ्यावर दोन सेशन्स निघतात.

परवाना नेहमी माणसाला, वस्तूला आणि जागेला बांधलेला असावा. "सगळीकडे चालणारा परवाना" कोणालाही देऊ नका. साम्राज्याच्या सेवेतली पात्रं ताऱ्यांमध्ये मोठी असतील, पण कुंपणाबाहेर त्यांनाही स्थानिक ठाण्यात नाव नोंदवावं लागतं.

हे नियम शत्रूंनाही लागू आहेत का?

हो, आणि यात चालढकल केली तर बाकी सगळं फुकट. लॉ लेव्हल ७ च्या शहरात खेळाडूंनी बंदुका फाटकावर ठेवल्या आणि गल्लीतले गुंड सबमशीनगन घेऊन आले, तर खेळाडू पुढच्या वेळी काहीही जमा करणार नाहीत, आणि बरोबरच करतील. गुंडांकडे काठ्या, चाकू, फार तर एक चोरटं पिस्तूल असू द्या. त्यांच्याकडे क्लॉथ असेल तर ते कुठून आलं हा धागा पुढे न्या. कायदा कडक असलेल्या जगावर शत्रूही दुबळा असतो, म्हणून चिलखत नसलेली पात्रंही तगतात. आकडे न बदलता तोल राहतो तो यामुळे.

पोलिसांचं चिलखत मात्र जगाच्या टेक लेव्हलप्रमाणे भरघोस असू द्या. ती लढाई जिंकण्यासाठी नसतेच.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळवतो. तिथे हे लागू होईल का?

पाचव्या आवृत्तीतलं प्लेट चिलखत पाहा: एसी (आर्मर क्लास) १८, किंमत १,५०० सोन्याची नाणी, स्ट्रेंग्थ १५ हवी, लपताना तोटा, अंगावर चढवायला दहा मिनिटं. तोल राखायची सगळी मदार शरीरावर आणि वेळेवर. कायद्याची यादी नाही. शहराच्या वेशीवर साधी तीन पायऱ्यांची यादी लावली तरी खूप फरक पडतो: चामड्याला परवानगी, साखळीला नोंद, प्लेटला सरदाराचं पत्र. दहा मिनिटांचा नियम तेव्हा खऱ्या अर्थाने टोचतो, कारण चिलखत सराईत ठेवलेलं असतं.

गर्प्स हा आणखी एक रोल-प्लेइंग खेळ खेळणाऱ्यांकडे याची जास्त बारीक मांडणी आहे. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत वस्तूला ४ ते ० असा कायदेशीर वर्ग असतो आणि समाजाला ० ते ६ अशी नियंत्रणाची पातळी. दोन्ही समोरासमोर ठेवून परवाना लागतो की पूर्ण बंदी आहे ते ठरतं. ट्रॅव्हलरच्या यादीत नसलेल्या वस्तूंसाठी मी हीच पद्धत उसनी घेतो.

एवढं करूनही आकडे बदलावेसे वाटले तर?

एका वेळी एकच बदला, आणि चिलखताऐवजी आधी उपलब्धता बदला. तेही पुरेसं नसेल तर एक छोटा नियम चालतो: ज्या लढाईत चिलखताने घाव पूर्ण अडवला, तिच्या शेवटी दुरुस्ती होईपर्यंत त्याचं संरक्षण १ ने कमी. क्लॉथवाल्याला हे जाणवतं पण मारत नाही. संरक्षण थेट कमी करण्याच्या मी विरोधात आहे. त्याचा मार अंगावर क्लॉथ असलेल्या साध्या पात्रांना बसतो, बॅटल ड्रेसवाल्याला २२ चे २० झाले काय आणि नाही काय.

एका खेळाडूने बॅटल ड्रेस आधीच मिळवलाय. आता काढून कसा घेऊ?

काढून घेऊ नका. त्याला तो वापरायची जागा द्या. लॉ लेव्हल शून्यची जगं आहेत, सोडून दिलेली जहाजं आहेत, भाडोत्री सैनिकांची तिकिटं (कंत्राटं) आहेत, जिथे यजमान सरकारच चिलखत घालायला सांगतं. अधूनमधून अशी एखादी मोहीम ठेवा आणि ती तारीख खेळाडूंना आधी कळू द्या, म्हणजे बाकीच्यांनाही आपापली तयारी करता येईल. इतर दिवशी तो सूट जहाजाच्या कपाटात राहील, त्याची देखभाल होत राहील, आणि दर नव्या जगाची ती ओळ वाचताना तो खेळाडू सातवा आकडा सगळ्यांत आधी बघेल.